ट्रक घेताय? आधी दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा

पहिला पिकअप बुक केला त्या दिवशी सांगलीला फोन लावून सांगितलं, "बाबा, ट्रक घेतला." पलीकडे क्षणभर शांतता. मग सावध आवाजात प्रश्न आला, "नोकरी गेली का रे?" बाबांच्या डोळ्यांपुढे ऊस भरलेला दहा चाकी उभा राहिला असणार. फोटो पाठवल्यावर म्हणाले, "ही तर जीपच आहे, मागं हौदा लावलेली. पण एवढी मोठी कशाला?"

शेवटचा प्रश्न अगदी मोक्याचा होता, आणि अमेरिकेत तो कुणी विचारत नाही. मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. दरवर्षी दोन-तीन तरी नवी मंडळी विचारतात, "दादा, रॅप्टर घेऊ का?" रॅप्टर म्हणजे फोर्डच्या एफ-१५० पिकअपचा दणकट, वेगवान अवतार. विचारणाऱ्याने सातशे हॉर्सपॉवरचे व्हिडिओ पाहिलेले असतात, पण गॅरेजचं दार मोजलेलं नसतं. दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथं "ट्रक" म्हणजे पिकअप. "फुल-साइझ" म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्हर्ले सिल्व्हराडो १५००, जीएमसी सिएरा १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा यांचा वर्ग. भारतातली टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस इथल्या हिशेबाने मधल्या आकाराची. हायलक्स इथं विकतच नाहीत. त्याचं एक मोठं कारण म्हणजे १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर असलेला २५ टक्के आयातकर. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचं उट्टं काढायला हा बसवला, म्हणून त्याला अजून "चिकन टॅक्स" म्हणतात. टोयोटासुद्धा टुंड्रा बनवते ती इथंच, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत.

पायरी १: मागच्या वर्षभरात काय केलंत ते कागदावर लिहा

पुढं काय करणार हे लिहू नका. पुढच्या वर्षी आपण सगळेच बोट घेणार असतो, वाळवंटात तंबू ठोकणार असतो. मागच्या बारा महिन्यांत किती वेळा काही ओढून नेलं, किती वेळा डांबरी रस्ता सोडला, किती वेळा गाडीत चारपेक्षा जास्त माणसं होती, हे लिहा.

माझा पहिला कागद असा होता: होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून लाकडं आणि माती, सहा वेळा. मित्रांची घरं बदलणं, चार वेळा (पिकअपवाल्याला मित्र कमी पडत नाहीत). ढोल-ताशा पथकाचं सामान, गणपतीत पाच दिवस. डांबर सोडून, शून्य वेळा.

या कागदाला साधा एफ-१५० पुरला असता. तरी मी रॅप्टर घेतला. तर लेख लिहिणारा काही संत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढं वाचा. हौस म्हणून घेताय तर हौस म्हणून घ्या, पण "उपयोग होईल" असं स्वतःला आणि बायकोला सांगू नका. दुसऱ्या पक्षाला पहिल्याच महिन्यात कळतं.

पायरी २: पिकअपला कसला पिकअप हवाय?

मराठीत "गाडीला पिकअप आहे" म्हणजे दाबली की पळते. या वर्गात मात्र दमाचे निदान तीन प्रकार आहेत, आणि जाहिराती ते मुद्दाम एकात एक कालवतात.

पहिला प्रकार वाळवंटात सुसाट पळणाऱ्यांचा. याची सुरुवात फोर्डने २०१० च्या रॅप्टरने केली. आजच्या रॅप्टरमध्ये ३.५ लिटरचं, दोन टर्बोचं व्ही-६ आहे, ४५० हॉर्सपॉवरचं. वरच्या रॅप्टर आर मध्ये ५.२ लिटरचं सुपरचार्जर लावलेलं व्ही-८: २०२३ ला ७००, २०२४ पासून ७२० हॉर्सपॉवर. रॅमने उत्तर म्हणून २०२१ ला टीआरएक्स काढला, ६.२ लिटर, ७०२ हॉर्सपॉवर. नाव वाचलंत ना? रॅप्टर हा छोटा डायनासोर, टी-रेक्स मोठा. बॉनेट उघडलं की टी-रेक्स रॅप्टरला खातोय असं चित्रच सापडायचं. असला पोरकटपणा मला मनापासून आवडतो. २०२४ नंतर त्याची जागा आरएचओने घेतली: तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो, ५४० हॉर्सपॉवर.

या गाड्यांमधली खरी महाग वस्तू इंजिन नव्हे, शॉकअप. शॉकअपमध्ये तेल असतं. खड्ड्यांवरून गाडी एकसारखी पळवली की ते तापतं, त्यात फेस होतो, आणि साधं शॉकअप दहा मिनिटांत "मरतं". गाडी मग होडीसारखी डुलायला लागते. रॅप्टरच्या फॉक्स कंपनीच्या शॉकअपचा व्यास तीन इंचांहून जास्त, तेलाला बाजूला वेगळी डबी, आणि आतला व्हॉल्व्ह किती उघडायचा हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. चाक वर-खाली साधारण १३-१४ इंच हलू शकतं. गॅरेजमध्ये वाकून एकदा आपल्या सेडानचं शॉकअप बघा, मग याचं बघा. मनगट आणि मांडी एवढा फरक आहे.

दुसरा प्रकार हळू पण कुठंही चढणाऱ्यांचा. सिल्व्हराडो झेडआर२ आणि त्याचा भाऊ जीएमसी सिएरा एटी४एक्स इथं बसतात: ६.२ लिटर व्ही-८, ४२० हॉर्सपॉवर, मल्टिमॅटिक कंपनीचे डॅम्पर (म्हणजे शॉकअपच), आणि मुख्य म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला लॉकर. लॉकर म्हणजे काय? एक चाक हवेत लोंबकळत असेल तर साध्या गाडीत सगळा जोर त्याच चाकात जातो आणि ते नुसतं गरगरतं. लॉकर दाबला की डावं-उजवं चाक एकाच गतीने फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढतं. टुंड्रा टीआरडी प्रो या दोन प्रकारांच्या मधे कुठंतरी आहे. तिचं ४३७ हॉर्सपॉवरचं हायब्रिड ५८३ पौंड-फूट टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देतं. म्हणजे टॉर्कमध्ये ती ५२१ वाल्या आरएचओच्याही पुढं.

तिसरा प्रकार डांबरावर जाळ काढणाऱ्यांचा. याची परंपरा रॅप्टरच्याही आधीची: १९९३ चा फोर्ड लाइटनिंग, आणि २००४ ते २००६ चा डॉज रॅम एसआरटी-१०, ज्यात व्हायपर स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं व्ही-१० इंजिन आणि हाताने बदलायचे सहा गिअर होते. आज या जातीचे ट्रक थोडे उरलेत. फोर्डने २०२५ ला एफ-१५० लोबो काढला, त्यात ५.० लिटरचं व्ही-८ आणि ४०० हॉर्सपॉवर आहे. नुसता वेगच हवा असेल तर खरं सांगू? इलेक्ट्रिक बघा. पण ट्रेलर जोडला की त्यांची रेंज साधारण निम्म्यावर येते, हे धरून चाला.

नवख्यांची फसगत पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात होते. ७०२ हॉर्सपॉवर आहे म्हणजे हायवेवर विमानासारखी जाईल, असं वाटतं. टीआरएक्सचा वेग कंपनीनेच ताशी ११८ मैलांवर, म्हणजे १९० किलोमीटरवर अडकवलेला असतो, कारण खडबडीत मोठ्या टायरांना त्याच्या वरचा वेग झेपत नाही. हेच टायर डांबरावर ब्रेक मारल्यावर साध्या टायरांपेक्षा लांब जाऊन थांबतात.

पायरी ३: ड्रायव्हरचं दार उघडा आणि पट्टी वाचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेचा स्टिकर असतो. त्यावर पिवळ्या पट्टीत एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. हा त्या गाडीचा पेलोड. माहितीपत्रकात छापलेला आकडा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. पट्टीवरचा आकडा तुमच्या समोर उभ्या असलेल्या, सनरूफ आणि गरम-थंड सीटा लावलेल्या गाडीचा. दोन्हींत सहज शंभर-दीडशे पौंडांचा फरक पडतो.

रॅप्टरचा पेलोड जास्तीत जास्त १,४०० पौंड, म्हणजे ६३५ किलो. टीआरएक्सचा १,३१०. आरएचओ त्यातल्या त्यात बरा, १,५२०. आता गावाकडची गंमत बघा. महिंद्राची बोलेरो पिकअप १.७ टनांच्या नावानेच विकली जाते, आणि टाटाचा छोटा हत्ती सातशे-साडेसातशे किलो वाहतो. ऐंशी हजार डॉलरचा रॅप्टर छोट्या हत्तीपेक्षा कमी वजन घेतो!

यात फसवणूक काही नाही. खड्ड्यांवरून उडायला स्प्रिंग मऊ लागते, वजन पेलायला कडक. मागचे पाटे काढून २०२१ पासून रॅप्टरला कॉइल स्प्रिंग दिली, त्याने तो जास्त चांगला पळायला लागला. पण मऊ स्प्रिंगचा ट्रक वजनाखाली बसणारच. साधा एफ-१५० नीट पर्याय निवडून घेतला तर १३,५०० पौंडांपर्यंत ट्रेलर ओढतो. रॅप्टरची मर्यादा ८,२००. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही कमी वजनाचा ट्रक घेताय. हे कळून घेतलात तर काहीच हरकत नाही.

एक हिशेब करून दाखवतो. पट्टीवर १,४०० पौंड. घरची चार माणसं मिळून ६००. उरले ८००. मागं ५,००० पौंडांची बोट. ट्रेलरच्या वजनातलं १० ते १५ टक्के हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर, टेकतं आणि तेही पेलोडमध्येच मोजायचं, म्हणजे ५०० ते ७५०. उरले ५० ते ३००. आता बर्फाची पेटी, खुर्च्या, शेगडी, कुत्रा आणि हौद्यावर बसवलेलं झाकण. संपलं! आठ हजार पौंड ओढायची ताकद असलेला ट्रक पाच हजारांच्या बोटीलाच काठावर आला.

दर आठवड्याला जड ट्रेलर ओढायचा असेल तर या वर्गाचा नाद सोडा आणि एफ-२५० किंवा रॅम २५०० बघा. त्या दमदार आहेतच, फक्त वेगळ्या अर्थाने.

उलट बाजूही सांगतो. आमच्या पथकाचे ढोल नेताना वजनाचा प्रश्नच येत नाही. ढोल हलका पण अवाढव्य. साडेपाच फुटांच्या हौद्यात एकात एक बसत नाहीत, आडवे रचले तर ताशांना जागा उरत नाही, आणि वरून झाकण असेल तर दुसरा थर लागत नाही. मागच्या वर्षी शेवटी दोन ढोल मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवले. तुमचं सामान ढोलासारखं असेल तर आकडा सोडा, हौद्याची लांबी मोजा. या वर्गातल्या बहुतेक ट्रकांना सहा फुटांपेक्षा आखूडच हौदा मिळतो.

पायरी ४: टेप घेऊन घरी फिरा

साधा एफ-१५० आरसे सोडून ८० इंचांच्या जेमतेम आत बसतो. रॅप्टर सुमारे ८७ इंच, रॅमचे हे ट्रक ८८. म्हणजे सव्वासात फुटांच्या वर, आणि आरसे उघडे धरले तर आठ फुटांच्या आसपास.

रॅप्टरच्या जाळीत पुढं तीन पिवळे दिवे असतात. लोक ते हौसेने साध्या ट्रकलाही लावतात. मुळात ती सजावट नव्हे: ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला असे दिवे हवेत, असा अमेरिकेचा नियम आहे. मोठ्या मालट्रकला असतात तेच.

आता गॅरेज. एका गाडीचं दार आठ किंवा नऊ फूट रुंद. आठ फुटी दार असेल तर विसरा. दारांची उंची बहुधा सात फूट, म्हणजे ८४ इंच, आणि रॅप्टर ८० च्या आसपास; वर चार बोटं उरतात. लांबी जवळपास साडेएकोणीस फूट, आणि खूप गॅरेजं आतून वीसच फूट खोल असतात. तिथं बायकोची सायकल, तांदळाच्या पोत्यांचा रॅक आणि भारतात न्यायच्या रिकाम्या बॅगा आधीच असतात. मी आरसा मिटायचा विसरून पहिल्याच आठवड्यात दाराची चौकट खरवडली. आता ट्रक बाहेर असतो. घरांच्या सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम बाहेर ठेवू देतात का, हेही आधीच वाचा.

ऑफिसचं पार्किंग बहुमजली असेल तर प्रवेशावर लटकणारी उंचीची पट्टी बघून या. ३७ इंची टायर घेणार असाल तर नक्कीच.

पायरी ५: पैसे

ॲव्हरेजपासून सुरू करू, नाहीतरी बाबांचा दुसरा प्रश्न तोच होता. रॅप्टर मिश्र रस्त्यावर गॅलनला सुमारे १६ मैल देतो, म्हणजे लिटरला पावणेसात किलोमीटर. रॅप्टर आर आणि टीआरएक्स १२, म्हणजे लिटरला पाच. वर्षाला १२,००० मैल आणि साध्या पेट्रोलचे गॅलनला तीन डॉलर धरा. ४० चं ॲव्हरेज देणाऱ्या हायब्रिड गाडीला ९०० डॉलर, रॅप्टरला २,२५०. रॅप्टर आर ला १,००० गॅलन लागतात आणि तेही प्रीमियम. ते पावणेचारने धरलं तर ३,७५०. बाबांना मी पाच हा आकडा अजून सांगितलेला नाही.

किमतींत वरचेवर बदल होतो, पण अंदाज यावा म्हणून सांगतो. आरएचओ आला तेव्हा ६९,९९५ डॉलरपासून होता, वाहतूक खर्च वेगळा. रॅप्टर ऐंशी हजारांच्या आसपास, रॅप्टर आर एक लाख दहा हजारांच्या वर. माझं मत विचाराल तर पैशाला पुरेपूर आरएचओ आहे. व्ही-८ चा आवाज नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, पण आवाजासाठी चाळीस हजार डॉलर ही माझ्या ऐपतीबाहेरची संगीतसेवा आहे.

कर्ज. नव्याने आलेल्यांची क्रेडिट हिस्टरी कोवळी असते, व्याज जास्त पडतं, आणि मग डीलर "महिन्याला किती जमेल?" असं विचारतो. या प्रश्नाला उत्तर देऊ नका. समजा ७०,००० डॉलर ७ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांत फेडायचे तर महिना साधारण १,३८६. सात वर्षांत १,०५६. हप्ता ३३० ने कमी झाला म्हणून आपण खूश, पण व्याज १३,१६५ ऐवजी १८,७०० च्या पुढं जातं, आणि सहाव्या वर्षी तुम्ही जुन्या ट्रकचे हप्ते भरत असता. आधी आपल्या क्रेडिट युनियनकडून (म्हणजे सभासदांच्या पतपेढीकडून) दर मंजूर करून घ्या. तो कागद खिशात असला की डीलरकडेही चांगला दर सापडतो.

टेक्सासमध्ये गाडीवर विक्रीकर ६.२५ टक्के. जुनी गाडी त्याच डीलरला दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो. जुनी गाडी बाहेर कुणाला विकावी की इथंच द्यावी, हे ठरवताना हा फरक धरा.

स्वतःचा धंदा असलेल्यांसाठी दोन ओळी. "सहा हजार पौंडांवरचा ट्रक घे, सगळा खर्च करातून वजा होतो," असं पार्टीत कुणीतरी सांगतंच. तो नियम अमेरिकन आयकर कायद्यातल्या सेक्शन १७९ चा. गाडीचा वापर निम्म्याहून जास्त धंद्यासाठी हवा, आणि हौदा आतून किमान सहा फूट लांब असेल तरच एसयूव्हींसाठीची वजावटीची मर्यादा लागत नाही. साडेपाच फुटांचा रॅप्टर त्या मर्यादेत अडकतो. सीपीएला, म्हणजे कराचा हिशेब बघणाऱ्याला, विचारा; पार्टीतल्या माणसाला नको.

पायरी ६: रविवारी डीलरकडे जा

टेक्सासच्या कायद्याप्रमाणे गाड्यांच्या डीलरला शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन्ही दिवस विक्री करता येत नाही, दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. बहुतेक सगळे रविवारी बंद असतात. म्हणून रविवारी सकाळी चहा पिऊन जायचं. लॉटमध्ये गाड्या उभ्या असतात, सेल्समन एकही नसतो. खिडकीवरचे स्टिकर निवांत वाचता येतात, खाली वाकून शॉकअप बघता येतात. दार मात्र कुलूपबंद. पिवळ्या पट्टीसाठी सोमवारी परत जावंच लागतं.

खिडकीवरचा मोठा स्टिकर कायद्याने बंधनकारक आहे, १९५८ पासून. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी तो कायदा आणला, म्हणून त्याला मन्रोनी स्टिकर म्हणतात. त्यावर मूळ किंमत, प्रत्येक पर्यायाची किंमत, ॲव्हरेज, गाडी कुठं जोडली ते सगळं असतं. त्याच्या शेजारी दुसरा छोटा स्टिकर दिसला तर तो डीलरने स्वतः चिकटवलेला. माझ्या वेळी एका डीलरकडे त्या छोट्या कागदावर "मार्केट ॲडजस्टमेंट" म्हणून दहा हजार डॉलर होते, आणि खाली टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे वेगळे दोनशे. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आधीच असतो, असं मी म्हणालो. तो हसला, पण दोनशे काढले नाहीत. मी उठून आलो.

मार्ग सोपा आहे. मन्रोनीचा फोटो काढायचा, आणि तीनशे मैलांतल्या पाच-सहा डीलरांना ईमेल करायची: अमुक ट्रक, अमुक पर्याय, कर-नोंदणी-फी सगळं धरून आउट-द-डोअर किंमत सांगा. फोनवर बोलायचं नाही. अर्धे उत्तर देत नाहीत, दोघे "आधी येऊन तर बघा" म्हणतात, उरलेल्यांपैकी एक जण खरा आकडा देतो. मी ट्रक आणायला ओक्लाहोमात गेलो. तिथं कुणी दहा हजार मागितले नाहीत.

पायरी ७: चालवून बघताना घरच्यांना न्या

सेल्समन तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि म्हणेल, दाबा. दाबा, हसून घ्या. त्यानंतर आपल्याला हवं ते करा. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका फटक्यात लावून बघा. यू-टर्न घ्या. बँकेच्या किंवा कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घाला. हायवेवर सत्तरच्या वेगाला टायरांची घरघर ऐका, कारण वर्षातले तीनशे साठ दिवस तीच ऐकायची आहे.

आणि शक्य असेल तर आई-बाबा इथं असताना जा. आमची आई जूनमध्ये येते आणि गणपती झाल्यावर जाते. रॅप्टरची जमिनीपासूनची उंचीच बारा इंच, सीट कमरेच्या वर. आई साडी सावरत एक पाय पायरीवर ठेवून हँडल शोधत थांबली आणि म्हणाली, "अरे, बैलगाडीला निदान जू तरी असतं धरायला." आता सीटखाली एक लाकडी चौरंग असतो. तोच, पूजेतला जुना. विजेवर खाली येणाऱ्या पायऱ्यांचा पर्याय असेल तर तो घ्या; त्या पैशाचं समाधान सुपरचार्जरपेक्षा जास्त काळ टिकतं.

लहान मुलांची कार सीट मागं बसवून बघा. चार दारांच्या क्रू कॅबमध्ये जागा भरपूर असते, पण मूल उचलून त्या उंचीला टेकवताना आपली कंबर बोलते.

पायरी ८: सही करण्याआधी आणि नंतर

गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, घेऊन एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाका. उरलेली रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने काढलेली दुरुस्तीची बोलावणी, लगेच दिसतात. नवी गाडी आहे म्हणून सोडू नका. टोयोटाने २०२४ ला २०२२-२३ च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून एक लाखाच्या आसपास गाड्या इंजिनातल्या मशिनिंगच्या कचऱ्यामुळे परत बोलावल्या. शेव्हर्ले आणि जीएमसी बनवणाऱ्या जीएमने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ च्या सुमारे सहा लाख. नावाजलेली कंपनी म्हणजे निर्धोक इंजिन असं नाही, आणि रिकॉल झालं म्हणजे गाडी वाईट असंही नाही. दुरुस्ती झाली की नाही, एवढंच बघायचं.

सगळं ठरल्यावर तुम्हाला एका छोट्या खोलीत फायनान्सवाल्यासमोर बसवतात. वाढीव वॉरंटी, सीटला संरक्षण, रंगाला संरक्षण, किल्लीला संरक्षण. बहुतेकांची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा ३६,००० मैल, आणि इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षे किंवा ६०,००० मैल असते. बाकीचं आज नको म्हटलं तरी वाढीव वॉरंटी नंतरही घेता येते. "फक्त आजच" हे वाक्य त्या खोलीत रोज म्हटलं जातं.

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्या. टायर चारही एकाच जातीचे आहेत ना, स्टेपनी खाली आहे ना, हौद्यात चरे नाहीत ना. फोर्डच्या पुस्तिकेत पहिले १,००० मैल ट्रेलर ओढू नका असं सांगितलंय. मित्रांना त्यापुढची तारीख द्या.

मग एकदा तरी डांबर सोडा, नाहीतर शॉकअपला काय सांगणार? टेक्सासमध्ये बहुतेक जमीन खासगी आहे, म्हणून हौशी लोक ओक्लाहोमातल्या लिटल सहारा पार्कच्या वाळूच्या टेकड्यांवर जातात. आम्ही गेलो टेक्सासच्याच किनाऱ्यावरच्या पाद्रे आयलंडला. तिथं समुद्रकाठाने सरळ साठ मैल वाळूवरून जाता येतं; पहिले पाच मैल साधी गाडीही जाते, पुढं फक्त फोर-व्हील ड्राइव्ह. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा पस्तीसवरून वीसपर्यंत उतरवली. टायर पसरतं, चाक रुतत नाही. परत डांबरावर येण्याआधी भरायला छोटा कॉम्प्रेसर सोबत लागतो, तिथं पेट्रोल पंप नाही आणि फोनला रेंजही नाही.

वेगमर्यादा तिथंही आहेच, त्यामुळे साडेचारशे घोडे बैलगाडीच्या चालीने गेले. आई पुढच्या सीटवर, चौरंग मांडीवर. घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, मीठ चासी खातं. वाळू मात्र हौद्याच्या कोपऱ्यातून निघत नाही. परवा पथकाच्या सरावाला ढोल उतरवले तेव्हाही त्यांना चिकटून आली.